छत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून मानसशास्त्रात एमए करावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३६, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची बारा वर्षं, घराचं कर्ज अजून अकरा वर्षं फेडायचंय, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी पहिलीत. कामात जीव रमत नाही. ऑफिसातली तरुण पोरं मन मोकळं करायला तुमच्याकडेच येतात आणि सगळे म्हणतात, ‘तू काउन्सेलर व्हायला हवं होतंस.’ म्हणून तुम्ही विचारताय की राजीनामा देऊन दोन वर्षांचं एमए करावं का, त्यातून समाधानाचं काम मिळेल का, आणि या वयात कॉलेजच्या बाकावर बसणं विचित्र दिसेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटीच देते. आधी माझ्याविषयी. एका सहकारी बँकेत तेरा वर्षं काढून मी सदतिसाव्या वर्षी मानसशास्त्रात एमए केलं. गेली चौदा वर्षं समुपदेशन करते आहे. दर वर्षी सात-आठ जण तरी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे थोडं आगाऊपणे सांगते: तुम्ही विचारलाय एक प्रश्न, पण त्यात दोन आहेत. ‘हे काम नको’ हा एक आणि ‘ते काम हवं’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप ‘हो’ येत नाही.

मला बँकेचा वीट आलाय असं मी तीन वर्षं समजत होते. पुढे नीट आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की काउंटरवर होते तोवर मी मजेत होते. पेन्शनवाले आजोबा पासबुक भरायला यायचे, ते भरून झालं तरी रेंगाळायचे, सुनेचं-नातवाचं सांगायचे. वीट आला तो वसुली विभागात बदली झाल्यावर. म्हणजे मला जे हवं होतं ते बँकेतही थोडंफार मिळत होतं. हे कळल्यावरही मी नोकरी सोडलीच, पण तेव्हा निदान ‘कशासाठी’ हे माहीत होतं. तुमच्यासारखाच एक जण माझ्याकडे आला होता, त्याच्या बाबतीत उलटं झालं. चार भेटींत कळलं की त्याचा सगळा जाच एका मॅनेजरचा होता. त्याने टीम बदलून घेतली आणि एमएचा विषय संपला. म्हणून पहिली गोष्ट ही करा: गेल्या बारा वर्षांतले कामाचे चांगले गेलेले दहा दिवस आठवून लिहून काढा. त्या दिवशी नेमकं काय करत होतात, समोर कोण होतं, एकटे होतात की चौघांत. त्या कागदावर माणसं दिसली तर पुढे बोलू.

आता ‘मी चांगला ऐकून घेतो’ याबद्दल. हा गुण आहेच, पण मित्राचं ऐकणं आणि समुपदेशकाचं ऐकणं यांत फार फरक आहे. मित्र सल्ला देतो, स्वतःचं उदाहरण देतो, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ‘काय झालं रे पुढे?’ विचारतो. आम्हाला यातलं काहीच करता येत नाही.

एक दिवस सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. सकाळी अकराला सतरा वर्षांचा मुलगा आला, आईने ओढत आणलेला. आईला बाहेर बसवलं. मुलगा पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला. उघड-बंद, उघड-बंद. मी एक-दोन प्रश्न विचारले आणि मग गप्प राहिले. चाळीस मिनिटं. हे गप्प राहणं हेच त्या तासाचं काम होतं, आणि ते शिकायला मला दोन वर्षं लागली होती, कारण गप्प बसलं की ‘फी घेऊन आपण काय करतोय?’ असं मनात यायचं. शेवटी तो म्हणाला, ‘काकू, तो एसी बंद कराल का?’ बस, तेवढंच. तो गेल्यावर मी नोंद लिहिली, पुढची वेळ ठरवली, बाहेर आईने विचारलं ‘काय म्हणाला?’, आणि ते मी त्यांना सांगू शकत नाही हे दहा मिनिटं समजावलं. मुलगा अजून तीन वेळा आला, थोडं बोलायला लागला. मग यायचा थांबला. का थांबला, बरा झाला की कंटाळला, मला आजही माहीत नाही.

तुमच्या भाषेत सांगायचं तर बग सापडतो, दुरुस्त होतो, तुम्ही पुन्हा तपासता आणि तिकीट बंद करता. आमच्याकडे निम्मी तिकिटं उघडीच राहतात. ज्याला काम पूर्ण झाल्याचा शिक्का लागल्याशिवाय झोप येत नाही, त्याला हे काम छळतं. आणि समाधान मिळतं का, तर मिळतं, पण ते अशा एसी बंद करण्यातून मिळतं. ‘मॅडम, तुमच्यामुळे आयुष्य बदललं’ असं म्हणणारं माणूस वर्षाकाठी एखादं. तेवढ्यावर भागणार नसेल तर आत्ताच स्वतःला विचारा.

आता पदवीकडे येते. एमए मानसशास्त्र म्हणजे समुपदेशनाचं प्रशिक्षण, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. मीही तोच घेऊन वर्गात गेले होते. पहिल्या सत्रात हातात काय पडलं? संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, आणि प्रयोगशाळेत आरशात बघून चांदणी गिरवण्याचा प्रयोग. हात उजवीकडे न्यायचा तर डावीकडे जातो, वेळ आणि चुका मोजायच्या, मग पानभर अहवाल. मला वाटलं होतं लोकांची दुःखं समजून घेऊ, आणि मी घरी बसून टी-टेस्ट सोडवत होते. मग चाचण्या येतात: बुद्धिमत्ता मोजणारी रेव्हन्सची साठ कोडी, रोर्शाकच्या शाईच्या डागांची दहा कार्डं, व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या. त्यानंतर विकृतिमानसशास्त्र, उपचारांच्या सिद्धान्तांचे पेपर आणि शेवटी प्रबंध. हे सगळं लागतं. पण प्रत्यक्ष समोर माणूस बसवून बोलण्याचा सराव त्यात मीठ टाकावं तितकाच. तुम्हाला आकडेमोडीची भीती नसणार, हा तुमचा फायदा. माझ्या वर्गातल्या कित्येकांना संख्याशास्त्राने रडवलं.

खरं प्रशिक्षण एमएच्या नंतर होतं. एखादी उपचारपद्धती धरून ती शिकावी लागते. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी, बराच रुजलेला आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि अनेकांना शिकवली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या आयपीएचसारख्या संस्थांमुळे मराठी मध्यमवर्गात समुपदेशकाकडे जाण्याचा संकोचही थोडा कमी झाला. पद्धत कुठलीही घ्या, पण एखाद्या अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केस घ्यायच्या, दर आठवड्याला ‘मी इथे चुकले का?’ विचारायचं, हे निदान दोन वर्षं करावं लागतं. आम्ही त्याला सुपरव्हिजन म्हणतो. त्याचे पैसे मिळत नाहीत, उलट बहुतेक वेळा द्यावे लागतात.

यानंतरचा भाग कृपया घाईने वाचू नका, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. एमए झालं की तुम्ही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीच, ते डॉक्टर असतात, औषधं त्यांनी लिहायची. नातेवाईक तुम्हाला दोन्ही म्हणतील, तुम्ही म्हणवून घेऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही पदवी लावायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२चा. आजवर त्यासाठीची मुख्य वाट होती एमएनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एमफिल, आणि तोही परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही हीच व्याख्या आहे. जागा थोड्या, स्पर्धा प्रचंड. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये एमफिल ही पदवीच बंद केली, या शाखेला २०२५-२६पर्यंत मुदतवाढ दिली, आणि दरम्यान परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे अभ्यासक्रम आणले. म्हणजे रस्ता खोदून नवा करण्याचं काम चालू आहे आणि तुम्ही नेमके आत्ताच गाडी काढताय. या वाटेने जायचं असेल तर प्रवेश घेण्याच्या आठवड्यात परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून बघा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ‘क्लिनिकल स्पेशलायझेशन’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. त्या दोन शब्दांनी नोंदणी मिळत नाही.

समुपदेशक म्हणून काम करायला मात्र अजून अशी एकच ठरलेली सनद नाही. त्यामुळे सहा दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेली माणसंही पाटी लावून बसलेली दिसतात, आणि ते बघून माझा रक्तदाब वाढतो. पण हे असंच राहील असं धरू नका. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचाही समावेश आहे. नियमन येऊ घातलंय. तेव्हा आज कमी चालत असलं तरी पक्की पदवी घ्या.

याच कायद्याचा तुमच्यावर थेट परिणाम झालाय. नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून एमए करायचं, ही तुमच्यासारख्यांची ठरलेली वाट होती. इग्नूतून असं शिकलेले कितीतरी जण आज उत्तम काम करतायत. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी घातली. त्यामुळे आता कोणी ‘घरबसल्या एमए सायकॉलॉजी’ विकत असेल तर दहा हात लांब राहा. नियमित वर्ग म्हणजे हजेरी आली, प्रात्यक्षिकं आली, हिंजवडीची नोकरी त्यात बसत नाही. सकाळचे वर्ग घेणारी महाविद्यालयं आहेत, पण सकाळी वर्ग आणि दुपारपासून रात्रीपर्यंत टेस्टिंग हे सहा महिने जमेल, दोन वर्षं नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ‘नोकरी सोडावी का’ हा तुमचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त खरा झालाय, म्हणून सांगते.

पैशांचं. अनुदानित महाविद्यालयात वर्षाची फी काही हजारांत भागते, खासगी विद्यापीठात तीच लाखांत जाते. शिकवण्याच्या दर्जात तेवढा फरक असतो असं माझ्या पाहण्यात नाही. पण फी हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे दोन वर्षांचा बुडालेला पगार आणि त्यापुढची दोन-तीन बारीक वर्षं. मी सुरुवात केली तेव्हा एका सेशनचे दोनशे रुपये घ्यायचे आणि आठवड्यात तीन माणसं आली तरी तो चांगला आठवडा. खोलीचं भाडं माझ्या कमाईतून निघायला तिसरं वर्ष उजाडलं. हे मला परवडलं कारण नवऱ्याची सरकारी नोकरी होती आणि घराचं कर्ज फिटलं होतं. माझ्या धाडसाचं कौतुक करणारे हे विसरतात, मी विसरत नाही. तुमच्याकडे अकरा वर्षांचे हप्ते आहेत. हिशेब दोन वर्षांचा मांडू नका, चार वर्षांचा मांडा, आणि तो बायकोबरोबर बसून मांडा. तिने ‘तू कर, मी बघते’ म्हटलं तरी कागदावर लिहून घ्या की बघते म्हणजे किती.

आणि एमए मानसशास्त्र हाच एक दरवाजा आहे का, हेही बघा. लोकांसोबत काम करायचं असेल तर समाजकार्यातली एमएसडब्ल्यू ही पदवी काही ठिकाणी जास्त चालते. पोलीस ठाण्यांमधले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष १९८४मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केले, तिथे समाजकार्य शिकलेली माणसं काम करतात. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जाहिरातींतही हीच पदवी मागितलेली दिसते. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३पासून हे शिक्षण देते आहे. मुलांमध्ये रमत असाल तर विशेष शिक्षणातलं बीएड आहे, त्यालाही आरसीआयची नोंदणी मिळते. शाळेत समुपदेशक व्हायचं तर एमए चालतं, पण शाळेचा समुपदेशक वर्षातला बराच काळ गैरहजर शिक्षकांच्या तासाला वर्गावर असतो, हे तुमच्या बायकोला विचारा, ती दुजोरा देईल. आणि पुढे कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर एमएला ५५ टक्के आणि मग सेट किंवा नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, हे पहिल्या सत्रापासून लक्षात ठेवा.

तुमच्या बाबतीत माझा कल वेगळ्या दिशेला आहे. तुमच्याजवळ आयटीतली बारा वर्षं आहेत. रात्री दोनला येणारा परदेशी क्लायंटचा फोन, अप्रेझलचा महिना, प्रोजेक्ट नसल्याने बेंचवर बसलेल्या माणसाची लाज, हे मला पुस्तकातून कळलं, तुम्हाला आतून माहीत आहे. कंपन्या कर्मचाऱ्यांच्या समुपदेशनासाठी बाहेरच्या संस्थांना कंत्राटं देतात. तिथे मानसशास्त्राची पदवी असलेला आणि आयटीतून आलेला माणूस सहजासहजी मिळत नाही. एमए केलंत तर औद्योगिक आणि समुपदेशन या दोन्हींच्या मधला विषय प्रबंधाला घ्या. बारा वर्षं पुसून पाटी कोरी करायची काहीच गरज नाही.

म्हणजे इथवरचं थोडक्यात असं: आधी नको काय आणि हवं काय ते वेगळं करा, कामाचा रोजचा दिवस बघा, कुठली पदवी कुठलं दार उघडते ते स्वतः तपासा, आणि चार वर्षांचा हिशेब मांडा. पण बघायचा कसा हा दिवस? आमच्या खोलीत तर तुम्हाला बसता येणार नाही. त्याला एक उपाय आहे. आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्था स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतात, शनिवार-रविवारी पाळ्या असतात. नोकरी न सोडता सहा महिने तिथे फोन घ्या. पहिल्याच महिन्यात कळेल की पलीकडे रडणाऱ्या माणसाला उपाय न सुचवता तुम्ही वीस मिनिटं थांबू शकता की नाही. माझ्याकडे विचारायला आलेल्यांपैकी ज्यांनी हे केलं, त्यातले निम्मे परत आले नाहीत, आणि जे आले ते ठाम होऊन आले. दुसरं, स्वतः समुपदेशकासमोर क्लायंट म्हणून पाच-सहा वेळा बसा. खर्च होईल, पण दोन वर्षांच्या पगारापुढे काहीच नाही, आणि कामातला जीव का उडाला तेही तिथेच बोलता येईल. सध्या फारच कोंडल्यासारखं वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात एक ओळ होती, ‘रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडतं’, म्हणून हे सांगून ठेवते. त्या ओळीचा इलाज पदवी नाही. त्यासाठी जूनच्या प्रवेशांपर्यंत थांबू नका.

आता राहिलेला सोपा प्रश्न, वयाचा. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एक हशा पिकला, तो तेवढाच. पंधरवड्यात कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. प्रमाण विचलन मला शिकवलं ते एका बावीस वर्षांच्या मुलीने, कॅन्टीनमध्ये वडापावच्या कागदावर आलेख काढून. परवा तिचा फोन आला होता. फ्लॅट घेतेय, बँकेने दिलेला करारनामा पाठवला आणि म्हणाली, ‘ताई, यात कुठे फसवत नाहीयेत ना ते बघ.’ रात्री चष्मा लावून सगळी पानं वाचली. तरत्या व्याजदराच्या कलमावर पेन्सिलने खूण करून तिला परत पाठवलं.